कापसाची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीनंतर आपल्याकडे घराघरांत कापूस येऊन पडतो. भाव येईस्तोवर एखादी खोली पार आढ्यापर्यंत भरलेली असते. त्या खोलीच्या दारात उभं राहून तुम्ही कधी कोणाला हाक मारली असेल, तर आठवून पाहा. आवाज तोंडातून निघतो आणि तिथंच जिरतो. पुढं गाडी भरून कापूस जिनिंगला गेला, की त्याच खोलीत नुसतं खोकललं तरी भिंती घुमतात.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकानं ही खोली ध्यानात ठेवावी असं मला वाटतं. आता गावोगावी मुलं माइक, इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, आणि लॅपटॉप घेऊन बसली आहेत. खंजेरी भजनं, दंडारीतली गाणी, जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड होत आहेत. पैसे साठवून आधी महागडा माइक घेतला जातो, खोलीचा विचार सगळ्यात शेवटी. मीही तसंच केलं होतं.

माझी पहिली खोली स्लॅबची, दहा बाय दहा, उंचीही दहाच फूट. टेबल मधोमध मांडलं. आमच्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग केलं आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ बसवायला बसलो, तर डग्गा ऐकूच येईना. म्हणून खालचा आवाज वाढवत गेलो. मंडळींनी ते भजन जीपमध्ये लावलं, तर डग्ग्याच्या घुमाऱ्यात शब्द पार बुडाले. भजन तुकडोजी महाराजांचं. ज्यातले शब्द लोकांपर्यंत जावेत म्हणून ते गायचं, तेच ऐकू येत नव्हते. फार वाईट वाटलं.

कारण नंतर कळलं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे 56 कंपनांची लाट बरोबर अर्धी मावते. अशी लाट भिंतींशी आणि कोपऱ्यांत साचते, मधोमध मात्र जवळजवळ नाहीशी होते. लांबी, रुंदी, उंची सारखीच असली तर तिन्हींचा दोष एकाच आकड्यावर येऊन पडतो. डग्गा रेकॉर्डिंगमध्ये भरपूर होता. माझ्या खुर्चीपाशी तो पोचत नव्हता.

म्हणून खोली निवडता आली तर चौकोनी डबा घेऊ नका, लांबट घ्या. आखूड भिंतीकडे तोंड करून बसा. कान समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर यावेत. बारा फुटांच्या खोलीत हे साडेचार फूट होतात. हा आकडा सुरुवातीपुरताच. मग ओळखीचं गाणं लावून खुर्ची वीत-वीत मागंपुढं सरकवा, डग्गा कुठं ना बुडालेला ना घुमणारा, एकसारखा ऐकू येतो ते पाहा. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं, या तिघांमधलं अंतर सारखं ठेवा. स्पीकरचा वरचा लहान भोपू कानाच्या उंचीला हवा.

आता आवाज जिरवणाऱ्या गाद्यांकडे येतो. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठानं वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला एक नवं व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं. तिथं बोललेलं साडेपाच सेकंद घुमत राहायचं. सॅबिन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, ऑर्गनची नळी वाजवायचे, आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते घड्याळ लावून मोजायचे. सकाळी गाद्या परत जागेवर. खोलीच्या ध्वनीचं गणित तिथून उभं राहिलं. गाद्या भरायचा कापूस तर आपल्या वावरातच पिकतो!

पण इथं एक मोठी चूक होते. भिंतीला पातळ गोधडी किंवा अंड्यांचे ट्रे लावून मुलं थांबतात. ट्रे तर जवळजवळ निरुपयोगी. गोधडी खंजेरीच्या चकत्यांची छनछन शोषते, डग्ग्याला हातही लावत नाही. खोली वरून मंद आणि खालून घुमणारी होते, म्हणजे आधीपेक्षा वाईट. शंभर कंपनांची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिला जाडी लागते. जुन्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत खालपासून वरपर्यंत उभ्या करा. एमआयडीसीत भट्टीला गुंडाळतात ती रॉकवूल मिळाली तर चार इंच जाड घ्या, कापडात शिवा, भिंतीपासून चार इंच सोडून लावा. कापताना नाका-तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेतच. बाजूच्या भिंतींवर कुठं लावायचं ते आरसा सांगतो. तुम्ही खुर्चीत बसा, कोणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, ती जागा झाका.

यानं बाहेरचा ट्रॅक्टर थांबणार नाही. बाहेरचा आवाज वजनानं अडतो, आणि दीड फुटाची मातीची भिंत त्यात स्लॅबच्या घराच्या पातळ विटेपेक्षा सरस. टिनाखाली पावसात रेकॉर्डिंगचा हट्ट सोडा. मे महिन्यात कूलर बंद ठेवावाच लागतो, म्हणून पहाटे चारला बसायचं. गुणगुण येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. गेली तर दोष अर्थिंगच्या बाजूला आहे.

गाणाऱ्याला बंद कपांचा हेडफोन द्या. आवाज लॅपटॉपमधून फिरून कानात येत असेल तर उशीर होतो, गाणारा लयीत मागं पडतो आणि दोष त्याच्यावर येतो. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण त्यासाठीच आहे, त्यानं आवाज लॅपटॉपमध्ये न फिरता सरळ हेडफोनमध्ये येतो. मिक्सिंगच्या वेळी आवाजाची पातळी एकच ठेवा, कारण हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 सालीच हे मोजून दाखवलं. मी नॉबवर एक टिकली लावली आहे. शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता यावं, एवढीच पातळी.

गेल्या हिवाळ्यात आत्याबाईंच्या ओव्या घेतल्या, त्या कापसाच्याच खोलीत. कापूस लवकर पेट घेतो, म्हणून बोर्ड, बल्ब, चार्जर काहीच आत नेलं नाही. माइकची लांब वायर दारातून आत, बाकी सगळं सपरीत. आत्याबाईंची पाठ कापसाकडे होती, कारण माइक समोरचं ऐकतो आणि गाणाऱ्याच्या मागं जे असेल तेही ऐकतो. जात्याशिवाय त्यांना ओवी सुचत नाही, म्हणून जातं तिथंच आणलं आणि त्याखाली घडी घातलेली दोन पोती टाकली. हेडफोन त्यांना नको होता, दिलाच नाही. तिसऱ्या ओवीला बाहेर बैलाची घाटी वाजली. मी थांबवायला हात वर केला, पण त्या डोळे मिटून गात होत्या. घाटी तशीच राहू दिली आहे.