लावणीचं वय

मंडळी, भाताची लावणी तुम्ही केली असेल, निदान बांधावर उभं राहून पाहिली तरी असेल. रोप फार कोवळं असलं की चिखलात जीव धरत नाही, जून झालं की फुटवे कमी येतात. म्हणून लावणीला दिवस मोजावे लागतात. आज मी बोलणार आहे डुकराच्या स्वादुपिंडाबद्दल, पण खरं तर ही गोष्टही दिवस मोजण्याचीच आहे.

डुकराचं नाव काढताच पहिल्या रांगेत एकदोघांनी नाक मुरडलं, मी पाहिलं! माझी आत्या कडक सोवळ्यातली. तिनं कित्येक वर्षं डुकराचं इन्सुलिन टोचून घेतलं. घरात फ्रिज नव्हता. बाटली माठाच्या तिवईखाली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. बाटलीवर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही, तिनंही विचारलं नाही. डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लांपैकी एकाचाच फरक आहे.

मग नुसतं इन्सुलिन कशाला, ते बनवणारा कारखानाच घेऊ, असा विचार पुढे आला. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. इन्सुलिन बनवणारे बारीक पुंजके त्यात इकडेतिकडे विखुरलेले असतात. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्यानं ते पाहिले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. सगळी मिळून ग्रंथीच्या एक-दोन टक्केच भरतात. टाइप १ मधुमेहात आपलीच प्रतिकारशक्ती त्यांतल्या इन्सुलिनच्या पेशी मारून टाकते. २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शापिरो यांच्या गटानं मृत दात्यांची बेटं यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडून सात रुग्णांचं इन्सुलिन थांबवलं. पण एकेका रुग्णाला एकाहून जास्त दाते लागत होते. इतके दाते आणायचे कुठून?

डुकराच्या गर्भाकडे लक्ष गेलं होतं ते त्याच्याही आधी. स्टॉकहोममध्ये कार्ल-गुस्ताव ग्रोथ यांच्या गटानं दहा रुग्णांत डुकराच्या गर्भातल्या पेशींचे पुंजके बसवले आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. इन्सुलिन तयार होताना एक तुकडा सुटा होतो. डुकराचा तो तुकडा चार जणांच्या लघवीत २०० ते ४०० दिवस सापडत राहिला. म्हणजे पेशी जगल्या होत्या. सुई मात्र एकाचीही सुटली नाही.

कुठे चुकलं? मला पटणारं उत्तर इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून आलं, याइर राइझनर यांच्या गटाकडून. डुकरीण ११४ दिवस गाभण असते: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. राइझनरांनी वेगवेगळ्या दिवसांच्या गर्भांचं स्वादुपिंड उंदरांत लावून पाहिलं. ४२व्या दिवसाचं ऊतक जोमानं वाढलं आणि मधुमेही उंदरांची साखर ताळ्यावर आली. ५६व्या दिवसाचं किंवा त्यापुढचं ऊतक लावलं, तर शरीर त्याला फार जास्त विरोध करत होतं. हे निष्कर्ष २००६चे. स्टॉकहोमचं रोप जून झालेलं होतं!

पुढे माकडांत हेच ऊतक आतड्यांवरच्या चरबीच्या पदरात लावलं. तिथं महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली, कारण लावला होता तो अंकुर, पिकलेलं बेट नव्हे. तोवर इन्सुलिन चालूच. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं काही टळली नाहीत. बारा वर्षांच्या मुलाला ती जन्मभर द्यायची? मी तरी सुईच देईन.

डुकराच्या जनुकांत दडलेल्या विषाणूंचीही भीती होती. २०१७ मध्ये जनुकं कापून असे सगळे विषाणू निकामी केलेली पिल्लं जन्माला आली. दरम्यान मानवी मूळपेशींपासून, म्हणजे ज्यांना हव्या त्या पेशींत घडवता येतं अशा पेशींपासून, बेटं बनवणारे पुढे निघून गेलेत. २०२५ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत अशा बेटांची पूर्ण मात्रा मिळालेल्या बारांपैकी दहा रुग्णांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. त्या प्रयोगशाळांत मूळपेशींना कोणतं रसायन कितव्या दिवशी द्यायचं याचं वेळापत्रक पाळतात. गर्भातलं स्वादुपिंड ज्या क्रमानं घडतं, तोच क्रम त्यात उतरवलेला असतो. दिवस मोजणं तिथंही चुकलेलं नाही.