शिंदळ माकुडी: कुंड्या हजार, झाड मात्र एकच

नमस्कार मंडळी! हा फोटो बघा. गडद लालसर-जांभळी चांदणी, तिच्यावर पिवळे ठिपके. ही शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. रानात ती फक्त महाराष्ट्रात उगवते, तीही शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी, शेळीचं तोंड पोचणार नाही अशा कातळकड्यांवर.

"मग कटिंगं लावा की!" कमेंटमध्ये हे येणारच. लावतातही, आणि फांदी सहज जगते. पण एकाच झाडाच्या फांद्यांपासून हजार कुंड्या भरल्या, तरी जनुकांच्या हिशेबात ते एकच झाड. एकीला लोळवणारी बुरशी सगळ्यांनाच लोळवू शकते.

खरी विविधता दोन ठिकाणी शोधायची. एकाच कड्यावरच्या झाडांत आपसात फरक किती? आणि शिवनेरीची झाडं सज्जनगडच्या झाडांपेक्षा वेगळी किती? दोन्ही गोष्टी बऱ्याचशा ठरतात त्या ये-जा किती यावर. या दोन गडांत दीडशे किलोमीटरांहून जास्त अंतर. बियांना रेशमी झुपका असतो, वारा त्यांना नेतो, पण इतक्या लांब? पराग नेतात माशा, आणि माशीची झेप ती केवढी! त्यात कड्यावर झाडं थोडी. पावसाळ्यात एक दरड कोसळली, की एखाद्या जनुकाचं एखादं रूप तिथून कायमचं जातं. निव्वळ योगायोगानं. अशानं पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक कड्यावरची झाडं आपसात सारखी होत जातात आणि दुसऱ्या कड्यापासून वेगळी.

आता एक गंमत. हिचं कूळ रुईचं, म्हणून रुईचंच फूल घेऊ. मधल्या खाचेत टाचणी घालून अलगद वर ओढा. दिसल्या? दोन पिवळ्या पुड्या, जोडीनं लटकलेल्या. या कुळात पराग सुटा उडत नाही, अशी अख्खी पुडी माशीच्या अंगाला अडकून जाते. एका पुडीतून शेंगेतल्या बहुतेक बिया धरू शकतात, म्हणजे त्या शेंगेतली सगळी सख्खी भावंडं. एकाच शेंगेतल्या शंभर बिया पेरून विविधता राखली असं म्हणणं मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा प्रत्येक कड्यावरच्या बऱ्याच झाडांकडून थोडं थोडं घ्यावं, तेही वनखात्याची परवानगी काढून. आणि कुंडीवर गडाचं नाव हवंच. नर्सरीत हे रोप दिसलं तर भाव करण्याआधी ती चिठ्ठी बघा. बहुतेकदा नसतेच.