टाकीला अपचन होतं तेव्हा

गोबरगॅस तयार करणं अवघड नाही. गाय तो रोज करते, तेही अनुदान न घेता. अवघड आहे ते टाकीला रोज वेळेवर आणि बेताचं खाऊ घालणं. मी एका वसतिगृहाच्या मेसमागची टाकी सहा वर्षं सांभाळली, त्यामुळे हे अनुभवाने सांगतो.

आधी थोडा हिशेब. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो शेण लागतं, आणि तेवढा गॅस म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅम एलपीजी. १४.२ किलोच्या एका सिलिंडरसाठी पावणेआठशे-आठशे किलो शेण झालं की! उष्टं अन्न किलोमागे शेणाच्या दुप्पट-तिप्पट गॅस देतं. कारण सरळ आहे : शेणातला कस गाईने आधीच खाल्लेला असतो. भातात, पोळीत तो शाबूत असतो.

मग सगळं उष्टंच का टाकू नये? आम्ही टाकलं. मेसमध्ये स्नेहसंमेलनाची पंगत झाली, उरलेला जिलेबीचा पाक आणि भात दोन दिवसांत टाकीत गेला. तिसऱ्या दिवशी शेगडी पेटेना. टाकीत दोन तऱ्हेचे जिवाणू असतात. एक घाईचे, ते अन्नाचं आम्ल करतात. दुसरे सुस्त, ते त्या आम्लाचा मिथेन करतात. गोड एकदम पडलं की घाईवाले सुटतात, आम्ल साचतं आणि सुस्तांचा जीव जातो. सोप्या शब्दांत, अपचन. चुन्याची निवळी, ताजं शेण आणि आठ दिवसांचा उपास, एवढ्यावर टाकी वळणावर आली.

दुसरी फजिती खास नागपुरी. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची आवक वाढली की दबलेला, डागी माल टाकूनच द्यावा लागतो. आम्ही पोतंभर सालं आणली. लहानपणी दिव्याजवळ साल दाबून ठिणग्या उडवल्यात ना तुम्ही? ठिणग्या उडवणारं ते तेल, लिमोनीन, मिथेन करणाऱ्या जिवाणूंना विषासारखं. गॅस पुन्हा बसला. सालीतलं तेल आधी काढून घ्यावं, नाहीतर सालं शेणात मूठभरच मिसळावीत.

‘शेतातला कचरा’ असं आपण सरसकट म्हणतो, तेही मला खटकतं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, बारीक करून, भिजवून चालतं. भंडारा-गोंदियाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, चालते, पण न कापता टाकली तर वर तरंगून जाड थर धरते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, मात्र टाकीत घालू नका. तिचं लाकूड या जिवाणूंना पचत नाही. तिच्या कांड्या करून बॉयलरला द्या.

टाकीतून निघणाऱ्या गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, जो बर्नर खातो. घरच्या शेगडीला एवढं पुरतं. गाडीत भरायचा तर मिथेन नव्वदच्या वर न्यावा लागतो. २०१८ पासूनच्या ‘सतत’ योजनेत तेल कंपन्या असा दाबलेला गॅस विकत घेतात. ते काम मोठ्या प्रकल्पांचं, आपल्या बादलीचं नाही.

आणि हिवाळ्यात गॅस कमी झाला तर घाबरू नका. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि हे जिवाणू ३५ अंशांना खूश असतात. आम्ही टाकीभोवती कुटाराची पोती रचायचो आणि शेण कालवायला कोमट पाणी घ्यायचो. आमचा माळी तेवढ्या दिवसांत रोज येऊन विचारायचा, ‘सर, पातळ खत कधी येते?’ त्याला गॅसचं सोयरसुतक नव्हतं. लिंबाच्या झाडांना टाकीतून निघणारी स्लरी हवी होती.