समुद्र खाली ओढत नाही

(कोल्हापुरातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘समुद्राच्या पाण्याचे विचित्र वर्तन : जहाजे आणि पोहणारे’ असा छापला आहे. जहाजांचा भाग मोठा आहे आणि तो मी टिपणे काढून तयारही करून आणला आहे. परंतु कोल्हापुरात बोलायचे तर आरंभ पोहणाऱ्यांपासूनच करावा लागतो, कारण या सभागृहातील निम्म्या मंडळींनी पाठीला डबा बांधून विहिरीत पहिले हातपाय मारले असतील आणि उरलेल्यांना कोणा काकाने काठावरून ढकलून दिले असेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराचे पाणी 39 फुटांना आले की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. अशा गावाला पाण्याविषयी कोणी काही शिकवू नये, असा आपला समज आहे आणि आंबा घाट उतरून समुद्र गाठेपर्यंत तो खराही असतो.

मी विशीत असताना तालमीतले आम्ही सहा जण रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर गेलो होतो. ओहोटी लागली होती. डावीउजवीकडे लाटा फुटून पांढरा फेस होत होता आणि मधोमध वीस-पंचवीस पावलांचा एक पट्टा मात्र शांत, किंचित गडद दिसत होता. आम्ही शहाणे असल्यामुळे त्या शांत पाण्यात उतरलो. आधी कमरेएवढे असलेले पाणी पाहता पाहता पायाखालून वाळू काढून घेऊन गेले. काठावर एक निळी होडी उपडी घातलेली होती. तिच्यावर नजर लावून मी हात मारू लागलो. पंचगंगेच्या पुरात सूर मारणारा गडी मी, मला कसली भीती! शंभरेक हात मारून मान वर केली, तेव्हा होडी पहिल्यापेक्षा लहान झाली होती. पाण्यात मला वाटलेली पहिली खरी भीती ती, आणि ती लाटेची नव्हती, त्या लहान झालेल्या होडीची होती.

काठावर रापण, म्हणजे दोरांनी किनाऱ्याकडे ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांपैकी एक म्हातारा हात आडवा हलवत ओरडत होता. तो आम्हाला शिव्या घालत असावा, असे आम्ही समजलो (घालतही असेल). आमच्यातला पोहण्यात सर्वांत कच्चा गडी लवकर दमला, पाठीवर पडून राहिला आणि पाण्याने त्याला जिकडे नेले तिकडे गेला. थोड्याच वेळात तो बाजूच्या फुटत्या लाटांमध्ये सापडला आणि लाटांनी त्याला वाळूवर आणून टाकले. पट्टीचे पोहणारे आम्ही पाच जण त्याच्यानंतर, म्हाताऱ्याच्या हाताचा अर्थ उशिरा कळल्यावर, काठाला समांतर पोहून बाहेर आलो. पुढे कित्येक वर्षे तालमीत तो कच्चा गडीच आमचा वस्ताद म्हणून मिरवला!

बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने नारळाचे एक सोडण उचलून त्याच शांत पट्ट्यात फेकले. ते तळाला गेले नाही. सरळ समुद्राकडे निघाले, लाटांच्या पलीकडे जाऊन रेंगाळले आणि बाजूला वळून फेसाबरोबर परत येऊ लागले. “पानी खाली नाय नेत, भायेर नेतं,” एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा दोराला लागला.

त्या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे बांध असतात. लाटा त्यांच्यावर फुटतात आणि आतल्या बाजूला पाणी साचवतात. साचलेले पाणी बांधातील खिंडारातून समुद्राकडे परतते. खिंडारात खोली अधिक असल्यामुळे तेथे लाटा कमी फुटतात, आणि म्हणूनच नवख्याला तीच जागा सर्वांत सुरक्षित भासते. या प्रवाहाचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंतही मोजला गेला आहे. ऑलिंपिकमधले वीर 50 मीटर अंतर सुमारे 21 सेकंदांत कापतात, म्हणजे त्यांचाही वेग त्याहून थोडा कमीच पडतो, आणि तो टिकतो एक श्वासभर. अंगावर तेल जिरवलेल्या आपल्या मल्लांची गोष्ट मग सोडूनच द्या. बुडणारा बहुधा प्रवाहामुळे बुडत नाही, त्याच्याशी झुंजून दमतो म्हणून बुडतो. लाटा फुटण्याची रेषा ओलांडली की त्याचा जोर बहुधा ओसरतो. तोवर तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि बळ असेल तर आडवे पोहावे.

आता माझी तक्रार. त्या किनाऱ्यावर पुढे एक फलक लागला. त्यावर लिहिले आहे : ‘समुद्र खोल आहे. पोहू नये.’ समुद्र खोल असतो, ही माहिती सरकारी खर्चाने मिळाली याबद्दल मी ऋणी आहे. पण आम्ही उतरलो तेथे पाणी कमरेएवढे होते. दुसऱ्या एका ठिकाणी ‘येथे भोवरा आहे’ असे लिहिले आहे, तेही चूक. चुकीचे नाव ही आपलीच मिरास नाही. इंग्रजीतही या प्रवाहाला ‘रिप टाइड’ असे भरतीचे नाव चिकटले होते आणि 1936 साली फ्रान्सिस शेपर्ड या भूशास्त्रज्ञाला ते ‘रिप करंट’ असे दुरुस्त करावे लागले. मराठीत ‘परतीची ओढ’ म्हणावे, असे मी बरीच वर्षे सुचवतो आहे. त्यावर लोकांना आजोळ आठवते, त्याला माझा इलाज नाही. रापण ओढणाऱ्या माणसाला विचारून फलक लिहिला असता तर त्यावर एक बाण काढून ‘आडवे पोहा’ एवढेच आले असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली. तेव्हा जहाजे.

जहाजांच्या बाबतीतही पाण्यावर जगणाऱ्याचे कोणी ऐकले नाही, हेच मला सांगायचे होते. 1826 साली ड्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने आपल्याच हिंदी महासागरात 33 मीटर उंचीच्या लाटा पाहिल्याचे सांगितले. सोबत तीन साक्षीदार होते, तरी आरागो या थोर शास्त्रज्ञाने त्याची जाहीर टिंगल केली. पुढे 1 जानेवारी 1995 रोजी उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या ड्राउप्नर या वायुवाहिनीच्या मंचावरील यंत्राने भोवतालच्या साधारण 12 मीटरच्या लाटांमध्ये 25.6 मीटरची एकच लाट नोंदवली, तेव्हा कुठे दर्यावर्दींच्या कथा पुरावा ठरल्या. दक्षिण आफ्रिकेजवळ अगुल्हास प्रवाह समोरून येणाऱ्या लाटांना भिडतो, तेथे अशा लाटांची भीती विशेष असते.

याच्या उलट प्रकार ‘मृत पाण्या’चा. 1893 च्या ऑगस्टमध्ये सैबेरियाच्या उत्तरेस नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नान्सेन याचे ‘फ्राम’ जहाज इंजिन पुरेपूर चालत असूनही जणू चिखलात रुतल्यासारखे मंदावले. वर पाणी मात्र शांत. 1904 साली स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमान यांनी टाकीत प्रयोग करून उलगडा केला. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरते आणि जहाजाची शक्ती त्या दोन थरांच्या सांध्यावर लाटा उठवण्यातच खर्ची पडते. नॉर्वेचे खलाशी हे पाणी आधीपासून ओळखत होते. त्याचे नाव त्यांचेच आहे.

केरळच्या कोळ्यांचा ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, हा शब्द तर हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राने आपल्या इशाऱ्यांत जसाच्या तसा घेतला आहे. दूर दक्षिणेकडील वादळाने उठवलेल्या लाटा वारा नसताना, आकाश निरभ्र असताना येतात आणि किनाऱ्यावरची घरे भिजवतात. त्यांचा हिशेब सांगायचा राहिला, आणि अध्यक्षांनी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आहे. ज्यांना या शनिवारी गणपतीपुळ्याला जायचे आहे, त्यांनी मला बाहेर चहाच्या गाड्यावर गाठावे. गडद पट्टा कसा ओळखायचा, ते मी बशीत चहा ओतून दाखवीन.