अर्ज भरला, पण तो पडलाय कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न असतो, 'फी किती?' आज आपण त्याच्या अलीकडच्या प्रश्नापासून सुरुवात करू. घरातला उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा आहे? कारण महाराष्ट्रात पात्र असूनही ज्या मुलांची शिष्यवृत्ती रखडते, त्यांची गाडी अनेकदा अशाच एखाद्या कागदावर अडलेली असते. योजनेत ती बसतात, पण अर्ज पुढे सरकत नाही.

आधी योजना थोडक्यात पाहू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिच्यात फी येते आणि निर्वाह भत्ताही येतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. अनुसूचित जमातीसाठीही अशाच दोन वाटा आहेत. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी फी-प्रतिपूर्तीच्या स्वतंत्र योजना आहेत आणि तिथे नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र लागतं. खुल्या गटातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, व्यावसायिक अभ्यासक्रमाला निम्मी फी, आणि कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ. मुलींचं गणित मात्र २०२४-२५ पासून बदललं आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची ५० ऐवजी १०० टक्के सवलत मिळते.

इथेच पहिला गैरसमज होतो. '१०० टक्के माफ' ऐकून वडील मुलीला घेऊन कॉलेजात जातात आणि काउंटरवर हजारो रुपयांची पावती पुढे येते. फसवणूकच झाली असं वाटतं. पण पावती ओळीओळीने वाचा. माफी आहे ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क या दोन ओळींना. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस या ओळी तशाच राहतात. त्या पावतीत 'शिक्षण शुल्क' या ओळीसमोर रक्कम लावलेली असेल, तर मात्र तिथेच थांबून विचारा. पात्र मुलीकडून ही रक्कम आगाऊ घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. व्यावसायिक अभ्यासक्रमाची फीसवलत मिळते ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे कॅप राउंड म्हणतात, त्यातून झालेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर जागा घेतली तर ही सवलत हातातून गेली. अभिमत विद्यापीठं आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मुलींच्या या माफीत बसत नाहीत. तिसऱ्या राउंडची वाट बघायचा कंटाळा आला म्हणून घाईने घेतलेली 'घराजवळची' जागा चार वर्षं पूर्ण फीने पडते. अर्ज भरताना तर हे कळतही नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती-अर्जाच्या पोर्टलवर योजना दिसतच नाही, तेव्हा डोक्यात प्रकाश पडतो.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो मुदतीतला लागतो. दाखल्यावर मुदत छापलेली असते. ती ३१ मार्चला संपत असेल, तर मागच्या वर्षी काढलेला दाखला जुलैत चालणार नाही. म्हणून एप्रिल-मेमध्येच, सेतू केंद्रावर गर्दी व्हायच्या आत, नवा काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला ही दोन वेगळी कागदं आहेत. एक आहे म्हणून दुसऱ्याचं काम भागत नाही. राखीव जागेवरच्या व्यावसायिक प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला महिने लागतात. तो अर्ज अकरावीतच टाकलेला बरा. बारावीनंतर जात पडताळणी समितीच्या दारात उभं राहून काही लवकर होत नाही. मध्ये एखादं वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही तयार ठेवा.

आणि नाव! आधारवर 'गणेश', दहावीच्या गुणपत्रिकेवर 'गनेश', बँकेत वडिलांचं नाव मधे नाहीच. माणसाला कळतं की तिघे एकच आहेत, पण संगणकाला कळत नाही. दहावीची गुणपत्रिका मूळ धरा आणि बाकी सगळं तिच्याशी जुळवून घ्या. आधारमधली दुरुस्ती आधी, बँकेतली नंतर. उलट क्रमाने गेलात तर बँकेत दोनदा जावं लागतं.

मग महाडीबीटी पोर्टल. खातं एकदाच काढायचं. पासवर्ड विसरला म्हणून दुसऱ्या मोबाईल नंबरवर नवं खातं काढलं की एकाच मुलाचे दोन प्रोफाइल तयार होतात आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज सापडत नाही. जुनं खातंच परत मिळवा. प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृह असे भाग असतात. प्रोफाइल पूर्ण भरल्याशिवाय योजनेकडे जाता येत नाही. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक टाकला की बरीच माहिती आपोआप येते. ती आली म्हणून न वाचता पुढे जाऊ नका.

सर्वांत जास्त चुका चालू अभ्यासक्रमाच्या पानावर होतात. एकाच कॉलेजच्या नावाखाली तोच अभ्यासक्रम दोनदा दिसतो, एक अनुदानित आणि एक विनाअनुदानित. घाईत वरचा निवडला जातो. मंजूर होणारी फी त्या निवडीवर ठरते, म्हणून प्रवेशाच्या पत्रावर लिहिलेलं नाव अक्षरशः जुळवून घ्या. त्याच पानावर प्रवेश कॅपमधून की संस्थास्तरावर हा प्रश्न येतो. प्रवेशाची तारीख आणि वर्षही तिथेच असतं. वसतिगृहात राहणाऱ्याने 'नाही' निवडलं तर निर्वाह भत्ता घरून येणाऱ्याच्या दराने लागतो. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत व्यावसायिक पदवीला हा फरक वर्षाला १३,५०० आणि ७,००० असा आहे, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येतो. कागद मोबाईलने काढून चढवता येतात, पण फाइल २५६ केबीच्या आत हवी. ती इतकी दाबू नका, की तहसीलदारांचा शिक्काही वाचता येऊ नये. अस्पष्ट कागद हे अर्ज परत यायचं अगदी साधं कारण आहे.

'सबमिट' दाबलं, अर्जाचा क्रमांक आला, मुलगा निश्चिंत झाला. खरं काम इथून सुरू होतं. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला पडतो, मग प्राचार्यांच्या, मग त्या त्या विभागाच्या कार्यालयात. यातल्या कोणत्याही टेबलावरून तो त्रुटी काढून परत पाठवला जाऊ शकतो. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सबमिट केला नाही, तर तो तुमच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो. मेसेज येईलच या भरवशावर राहू नका. दर आठ दिवसांनी लॉगिन करून बघा. आणि अर्जाची प्रत, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स लावून, कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर द्यायला विसरू नका. पोर्टल ऑनलाइन असलं तरी कॉलेजातला लिपिक कागद हातात आल्याशिवाय अर्ज पुढे ढकलत नाही, हे वास्तव आहे. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर कॉलेज तिथेच थांबवू शकतं.

पैसे कुठे जमा होतात, हा पुढचा घोळ. पासबुक जोडलं म्हणून त्याच खात्यात येतील असं नाही. थेट लाभाची रक्कम आधारशी 'सीड' केलेल्या खात्यात जाते आणि आधारचं सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, शेवटी केलेल्या. खातं आधारशी 'लिंक' असणं, म्हणजे बँकेत आधार क्रमांक नोंदलेला असणं, आणि सीड असणं, म्हणजे थेट लाभ घेण्यासाठी ते खातं आधारला जोडलेलं असणं, यांत फरक आहे. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं एखादं पेमेंट्स बँकेचं खातं, ज्याची मुलाला आठवणही नसते, तिथे शिष्यवृत्ती जाऊन बसते. अशी रक्कम हरवलेली नसते, आपण शोधतो चुकीच्या पासबुकात. माय-आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव दिसतं. हवं ते नसेल तर आपल्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या. आणखी एक, पूर्ण केवायसी नसलेल्या 'छोट्या' बचत खात्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत आणि वर्षभरात जमा १ लाखापर्यंतच चालते. इंजिनिअरिंगच्या फीची रक्कम अशा खात्यातून परत जाऊ शकते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी हे नीट ऐकावं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली कॉलेजच्या फीची रक्कम ७ दिवसांत कॉलेजला भरायची असते. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरातली देणी आठवतात, हे समजण्यासारखं आहे. पण ती फी आहे. खर्च झाली तर कॉलेजची थकबाकी तुमच्या नावावर उभी राहते आणि कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला गेल्यावर ती समोर येते.

राहण्या-जेवणासाठी वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर खुल्या गटातल्या अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळते. आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही, हीच या मदतीची अट आहे.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर तंत्रशिक्षणाच्या पदवी-पदविकेतल्या मुलींसाठी प्रगती शिष्यवृत्ती असते, वर्षाला ५० हजार. तिच्यासाठी प्रथम वर्षालाच अर्ज करायचा, किंवा थेट द्वितीय वर्षात आलेल्यांनी त्या वर्षी. दुसरीकडून शिष्यवृत्ती चालू असेल तर कोणती घ्यायची, हे आकडे मांडून ठरवा. दोन्ही घेतल्या तर वसुली निघते.

एवढं करूनही उरतं त्यासाठी शैक्षणिक कर्ज. कर्ज उरलेल्या खर्चापुरतंच मागा. माफ होणाऱ्या फीसाठी घेऊ नका. बँकेत जाताना कॉलेजकडून चारही वर्षांच्या खर्चाचं पत्रक घ्या, वर्षवार आणि सहीशिक्क्याचं. नुसती पहिल्या वर्षाची पावती नेली तर कर्ज तेवढ्याचंच मंजूर होतं आणि दरवर्षी नव्याने खेटे पडतात. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार असतात आणि त्यांचा थकीत ट्रॅक्टर किंवा मोटरसायकलचा हप्ता सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतो. तो आधी मिटवा. केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत आहे. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही.

शिक्षण संपून १ वर्षापर्यंत हप्ता नाही, हे खरं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. समजा दरवर्षी जुलैत १ लाख असे चार वर्षांत ४ लाख उचलले, सरळ व्याज १० टक्के. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. हप्ता सुरू होईल त्या दिवशी देणं ५ लाख ४० हजार. शिकत असतानाच व्याज भरत गेलात, तर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ८३३ रुपये पडतात, चौथ्या वर्षी ३,३३३. असं भरणाऱ्याला बऱ्याच बँका व्याजदरात १ टक्क्यापर्यंत सूट देतात. ती सूट मंजुरीपत्रात लिहिलेली आहे का, हे बघून मगच सही करा.

नमस्कार.