घोडाच सांगतोय, ऐका की

(मिरज स्टेशनबाहेर, टांगा)

एके काळी मिरजेला गाडीतून उतरलं की टांगाच करायचा, दर्गा असो नाहीतर दवाखाना, आता रिक्षांच्या गर्दीत असा एखादा दिसला की आपण फोन काढून शूट करतो. आम्हीपण तेच केलं म्हणा. पण टांगा सोडा, घोड्याचं तोंड बघा. डोळ्यांना झापडं, तोंडात लगामाचं लोखंड.

अ‍ॅना सुएल नावाच्या इंग्रज बाईनं १८७७ साली ‘ब्लॅक ब्यूटी’ लिहिलं ते या तोंडातून, म्हणजे सगळी गोष्ट घोडाच सांगतो. लहानपणी पाय दुखावल्यानं तिला नीट चालता यायचं नाही, कुठंही जायचं तर घोडागाडी, त्यामुळं घोडा जवळून बघितलेला.

(नालबंद, क्लोजअप)

नाल ठोकताना दुखत नाही पण पाय जड वाटतात, हे घोडा पुस्तकात सांगतो. तिचा खरा राग मात्र एका जादा पट्ट्यावर. मान कायम वर राहावी, गाडी रुबाबदार दिसावी म्हणून श्रीमंत लोक तो आवळून बांधायचे. आता चढाला ओझं ओढायचं तर मान खाली घालून खांद्याचा जोर लावावा लागतो, आपल्याकडं उसाच्या गाडीचा बैल तेच करतो की. मान बांधली की जोर सगळा पाठीवर, श्वास कोंडतो, तोंडाला फेस येतो, आणि बघणारा म्हणतो काय तेज जनावर आहे!

(पोस्टर)

पिक्चर बरेच आले. १९७१ च्या पिक्चरमध्ये घोडा सर्कशीत काय जातो, हिंदुस्थानात लढाईला काय येतो, पुस्तकात यातलं काही नाही. २०२० मध्ये घोड्याची घोडी झाली, इंग्लंडची अमेरिका झाली आणि तबेल्यातला ‘जो ग्रीन’ नावाचा पोरगा मुलगी झाला, बघायला छान आहे पण मैत्रीचीच गोष्ट जास्त. पुस्तकात मैत्री आहे, पण पानं जास्त कामाची आहेत, मालक बदलत जातात तसं ओझं वाढतं. आम्हाला विचाराल तर १९९४ चा बघा, त्यात घोडा स्वतः बोलतो, लंडनची भाड्याची गाडी आहे आणि जिंजर घोडीचं मरणपण गाळलेलं नाही.

(टांगा निघतो)

पुढं तो पट्टा मागं पडत गेला, अमेरिकेत प्राण्यांसाठी झटणाऱ्या जॉर्ज एंजेलनी १८९० पासून गाडीवानांना पुस्तक फुकट वाटलं. सुएल १८७८ लाच वारली होती.