राजकन्या उलटी धावते तेव्हा

[काळा पडदा. फक्त संगीत.]

हा चेलो आत्ता उलटा वाजतोय. कानाला फारसं खटकलं नसेल. जेमी सीबर, शिरा कॅमन आणि शेरिल अ‍ॅन फुल्टन यांच्या रचना ‘ब्रेड’ या व्हिडिओ गेमसाठी निवडताना त्या उलट्या वाजल्या तरी ऐकवतील ना, हे आधी पाहिलं होतं. आणि हो, ब्रेड म्हणजे इथे पाव नव्हे, वेणी.

[टिम खिळ्यांवर पडतो.]

कोट-टाय घातलेला हा टिम, राजकन्येच्या शोधात निघालेला. उडी चुकली, खाली टोकदार खिळे. एरवी अशा गेममध्ये इथे एक ‘लाइफ’ जाते, सगळ्या संपल्या की पहिल्यापासून सुरुवात. इथे फक्त एक बटण दाबून धरायचं. बघा. टिम खिळ्यांवरून उचलला गेला, हवेतून मागे आला, कड्यावर टेकला. त्याच्याबरोबर चिरडलेला राक्षस पुन्हा चालू लागला आणि चेलोही उलटा फिरला. वाटलं तर अगदी लेव्हलच्या पहिल्या पावलापर्यंत मागे जा.

[कंट्रोलरवरचे हात, जवळून.]

हा शेजारचा नववीतला मुलगा. आमच्या एडिटिंगच्या खोलीत गेम पहिल्यांदाच खेळतोय. त्याचा अंगठा बघा, त्या बटणावरून हलायला तयार नाही. पडतो, खिदळतो, परत मुद्दाम पडतो. मग हळूहळू हसू थांबतं. मरणाची धास्ती गेली की अडवायला फक्त कोडं उरतं, आणि ते बटण दाबून सुटत नाही.

[चौथा विभाग. टिम उजवीकडे, मग डावीकडे.]

या विभागात काळ टिमच्या पायांना बांधलाय. उजवीकडे चाललात की वेळ पुढे, डावीकडे वळलात की मागे. थांबलात की सगळं जागच्या जागी. पाचव्या विभागात बटणाने वेळ मागे नेलीत की तुमची सावली तुम्ही आधी केलेलं पुन्हा करून दाखवते, म्हणजे एका माणसाचं काम दोघांत वाटून घ्यायचं. प्रत्येक विभागात चित्राचे १२ तुकडे, पाच विभागांत ६०. एके ठिकाणी तर जोडलेल्या चित्रात रंगवलेल्या फळीवरच चढून पुढचा तुकडा मिळवावा लागतो. आम्हाला हे सुचायला अख्खी संध्याकाळ गेली. नेटवर उत्तर शोधलं नाही, हे जरा मिरवून सांगतो.

[पार्श्वचित्र, सावकाश झूम.]

जोनाथन ब्लो यांना याची कल्पना २००४च्या अखेरीस थायलंडच्या प्रवासात सुचली. वर्षभरात खेळता येईल असा गेम तयार होता, चित्रं मात्र कामचलाऊ. तशाच रूपात त्याला २००६ साली इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये गेम डिझाइनचं पारितोषिक मिळालं. एखाद्याने तिथेच हात झटकले असते. ब्लो यांनी डेव्हिड हेलमन या चित्रकाराला बरोबर घेतलं आणि सगळं नव्याने रंगवून घेतलं. हे ढग बघा, कडा कुठे संपते ते सांगता येत नाही. आणि हे गवत, ब्रशचा फटकारा तसाच ठेवलेला. गेमवर स्वतःचे सुमारे २ लाख डॉलर गेले. मोठी कंपनी नाही, बैठका नाहीत. एका माणसाचा हट्ट पडद्यावर असा दिसतो.

६ ऑगस्ट २००८ला गेम एक्सबॉक्स कन्सोलवर आला. १५ डॉलर फार झाले, अशी कुरकूर झाली. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर मात्र शंभरपैकी ९३ पडले. त्याच कमाईतून ब्लो यांचा पुढचा गेम उभा राहिला. २०२४ची वर्धापन आवृत्ती मात्र फारशी खपली नाही.

रॅपर सोल्जा बॉयने या गेमचा व्हिडिओ केला होता. यात काही अर्थच नाही म्हणाला, आणि टिमला मागे-पुढे नेत मित्रांबरोबर पोट धरून हसला. लोकांना गेम कळला नाही, याचं ब्लो यांना वाईट वाटलं. आम्हाला मात्र ते हसणं या मुलाच्या हसण्यासारखंच वाटतं.

[शेवटची लेव्हल. ज्यांना गेम खेळायचाय त्यांनी पुढचं मिनिटभर पडदा झाका.]

वर राजकन्या, खाली टिम, मागे आगीची भिंत. एक सरदार तिला धरून होता, ती निसटली. आता ती धावता धावता कळ दाबते, टिमसाठी दार उघडतं. तो पळतो, ती पुढचं दार उघडते. शेवटी तिचं घर, तिची खिडकी. आणि वाट संपते.

आता बटण.

[तेच दृश्य, उलट्या क्रमाने. निवेदन नाही.]

शेवटच्या मजकुरात १९४५च्या अणुचाचणीनंतरचं, त्या चाचणीचे प्रमुख केनेथ बेनब्रिज यांचं वाक्य येतं, आणि ती राजकन्या नेमकी कोण, खरीच मुलगी की अणुबॉम्ब, यावर लोक अजून भांडतात.

[एकटा ढग.]

गेममध्ये आठ तारे लपवलेत. त्यातला एक हवा असेल तर या ढगावर उभं राहून जवळजवळ दोन तास थांबावं लागतं. तो सरकतोय, दिसत नसला तरी. आम्ही रेकॉर्डिंग लावून चहाला गेलो. परत आलो तेव्हा मुलगा तिथेच बसलेला होता, कंट्रोलर मांडीवर.

[ढग. मुलाचा चेहरा. ढग.]